बिल्जचं पाणी आणि नानांची मोटार

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोन-तीनदा बसलो होतो, पण दौंडचा उन्हाळा आणि माझा आळस यांची युती झाली की काही खरं नसतं. आज मात्र लिहायलाच हवं.

झालं असं की, शिरूरचा माझा भाचा बारावी होऊन मरीन इंजिनियरिंगच्या मागे लागलाय. परवा एका कंपनीच्या मुलाखतीला जाऊन आला. तिथे त्याला विचारलं, जगाची जी शाश्वत विकासाची उद्दिष्टं आहेत त्यांना जहाज उद्योग कसा हातभार लावू शकेल? आमच्या वेळी मुलाखतीत 'पोहता येतं का' आणि 'घरी कोण कोण असतं' एवढंच विचारायचे. काळ बदललाय. भाच्याने धडाधड उत्तर दिलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली सतरा उद्दिष्टं, त्यातलं तेरावं हवामानाचं, चौदावं समुद्राचं. मग मिथेनॉलवर चालणारी जहाजं, अमोनिया, शिडं, बंदरात उभं असताना किनाऱ्यावरची वीज. फोनवर मला सगळं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "मामा, बरोबर होतं ना?"

बरोबरच होतं. पैकीच्या पैकी मार्क. पण मी पंचवीसहून जास्त वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलीत. त्यामुळे 'बरोबर आहे' म्हणून फोन ठेवला तरी मनात काहीतरी कुरतडत राहिलं. रविवारी त्याला म्हटलं, नानांकडे ये, तिथे बोलू.

नाना म्हणजे माझे मामा. भीमेच्या पलीकडच्या काठाला, शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसच्या अंगाला त्यांचं शेत. (गणपतीचं रांजणगाव वेगळं, हे वेगळं. पाहुणे हमखास चुकतात.) दौंडहून पाटस, चौफुला, पारगाव आणि पूल ओलांडला की शिरूर तालुका. पुण्याहून आलेली मुळा-मुठा याच भागात भीमेला मिळते. लहानपणी मे महिन्याची सुट्टी याच नदीत गेली. तळाची वाळू दिसायची. आता त्या पाण्यात कोणी पोराला उतरू देत नाही. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं आणि त्यावर जोमाने वाढते ती जलपर्णी. हिरवागार गालिचा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर!

आम्ही पोचलो तेव्हा नाना गुडघाभर पाण्यात उभे. मोटारीचा फुटबॉल जलपर्णीच्या मुळांनी गच्च भरला होता. (फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात. मरीन इंजिनियर झाल्यावरही माझ्या तोंडून एकदा चीफसमोर 'फुटबॉल चोक झालाय' असं गेलं होतं. तो पंजाबी चीफ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला होता.) भाच्याने पॅन्ट वर केली आणि उतरला. दोघांनी ओढून ओढून मुळं काढली. काढलेला एक मोठा भारा भाचा परत प्रवाहात ढकलायला लागला, तशी नाना ओरडले,

"ए, तिकडं नको सोडू. खाली बी कुणाची तरी मोटार हाय की."

त्याने तो भारा मुकाट्याने काठावर आणून टाकला.

मग बांधावर चहा झाला. नानांनी भाच्याला विचारलं, "तुझ्या त्या जहाजाला डिझेल किती लागतं रे?" भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी ज्यावर होतो त्याला दिवसाला तीसेक.

"तीस लिटर? मग तर आमच्या ट्रॅक्टरवानीच की."

"टन, नाना. तीस टन. आणि कंटेनरची मोठी जहाजं जोरात पळवली तर दिवसाला दीडशे टनांच्याही वर."

नानांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "मग बंद करा की ती."

तर तसं नाही, हे आधी सांगायला हवं. जगाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त माल, वजनाच्या हिशेबात, जहाजाने जातो. तरी जगाच्या हरितवायूंमध्ये जहाजांचा वाटा तीन टक्क्यांच्या आतबाहेरच आहे. केडगावच्या बाजारातला कांदा दुबईला जातो असं धरा. इथून न्हावा शेवा साधारण दोनशे किलोमीटर, ट्रकने. तिथून पुढे सुमारे दोन हजार किलोमीटर, जहाजाने. एक टन माल एक किलोमीटर न्यायला ट्रक जेवढा धूर सोडतो, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात जहाज नेतं. म्हणजे माझ्या ढोबळ हिशेबाने समुद्रावरच्या दोन हजार किलोमीटरला जेवढा धूर, त्याच्या निम्म्याहून जास्त आपल्या दोनशे किलोमीटरच्या रस्त्यावरच होतो. त्यात शिक्रापूर-चाकणच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असलेले रांजणगाव एमआयडीसीचे कंटेनर धरले तर आणखी. तिथे मी एकदा जेवढा वेळ अडकलो होतो तेवढ्यात सुएझ पार झाला असता. बरं, अतिशयोक्ती झाली. पण फार नाही :)

तेव्हा जहाज हा वाईट गडी नाही. काटकसरी गडी आहे. खोट आहे ती त्याच्या खाण्यात. तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं काढून झालं की तळाशी जो गाळ उरतो, तो जहाजं वर्षानुवर्षं जाळत आली. थंड असला की डांबर. तापवून तापवून, शंभर अंशांच्या कितीतरी वर नेल्यावर कुठे इंजिनात जाण्याइतका पातळ होतो. दौंड तालुक्यातल्या वाचकांना गुऱ्हाळाचं सांगितलं की लगेच कळेल. चुलवाणात उसाचं चिपाड जाळायचं ही रीत. पण चिपाडाला भाव आला की काही ठिकाणी जुन्या चपला नि प्लास्टिकचा कचरा जाळतात, आणि मग आसपासची माणसं खोकत तक्रारी करतात. गूळ तोच, पैसा वाचला, धूर मात्र दुसऱ्याच्या घरात. जहाजांचं अगदी हेच होतं, फक्त आसपास घरं नव्हती.

१ जानेवारी २०२० पासून नियम आला की इंधनात गंधक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. त्याआधी साडेतीन टक्के चालायचं. मी तेव्हा जहाजावरच होतो. टाक्या साफ करताना महिनाभर आमचे हाल झाले, पण एका तारखेला जगभरची जहाजं बदलली हे मी डोळ्यांनी बघितलं. 'होत नाही हो' म्हणणाऱ्यांना मी ही तारीख सांगतो. अर्थात पळवाटाही निघाल्या. काही जहाजांनी चिमणीत धूर धुण्याचं यंत्र बसवलं, इंधन जुनंच ठेवलं आणि धुतलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. हवेतलं पाण्यात. पुढे काही देशांनी आपल्या हद्दीत त्यालाही बंदी घातली.

बाकी उपाय भाच्याने सांगितले तेच. वेग कमी करणं हा सगळ्यात सोपा. जहाजाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर त्याच अंतराला तेल वीसेक टक्क्यांनी वाचतं, कारण पाणी कापायला लागणारी ताकद वेगाच्या तिप्पट घाताने वाढते. तळाला चिकटलेलं शेवाळ नि शिंपले खरवडले तरी फरक पडतो. २०२३ साली मिथेनॉलवर चालू शकणारं पहिलं कंटेनर जहाज, 'लॉरा मर्स्क', पाण्यात आलं. त्याच वर्षी 'पिक्सिस ओशन' नावाचं मालवाहू जहाज पोलादी पंखांसारखी उंच शिडं लावून निघालं. आपल्या कोकणातल्या तांडेलांना हसू येईल, पण वाऱ्याला बिल येत नाही हे खरं.

हे सगळं ऐकून झाल्यावर नानांनी त्यांचा प्रश्न विचारला. "त्या नव्या तेलाचे पैसे कोण देणार?"

मी बांधावरच हिशेब मांडला. दुबईपर्यंत टनामागे आठेक किलो तेल, म्हणजे किलो कांद्यामागे आजघडीला चाळीस-पन्नास पैसे. स्वच्छ इंधन तिप्पट महाग पडलं तर किलोमागे आणखी रुपयाच्या आसपास. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, बघा, फक्त एक रुपया!

"दुबईवाला देणार न्हाई. व्यापारी तर न्हाईच न्हाई. म्हंजे आमच्या पट्टीतनंच कापणार," नाना म्हणाले. "कांदा पाच रुपयानं जातो तवा एक रुपया म्हंजे काय, हे तुला न्हाई कळायचं."

मी गप्प बसलो. आता गंमत बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत हाच वाद चालू आहे, फक्त सुटाबुटात. २०२३ साली सगळ्या देशांनी मान्य केलं की २०५० च्या सुमाराला जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी धुरावर पैसे आकारण्याचा आराखडा बहुमताने पुढे सरकला. ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं, तर निर्णयच वर्षभर पुढे ढकलला. बुडण्याची भीती असलेली पॅसिफिकमधली छोटी बेटं म्हणतात, कर लावा. बाकीच्यांमध्ये कोणाला आपल्या तेलाची काळजी, कोणाला निर्यातीची, तर कोणाला महागाईची. माझं मत विचाराल तर कर हवाच, पण जमलेल्या पैशातला मोठा वाटा नानांसारख्यांपर्यंत यायला हवा. शीतगृह, बंदरापर्यंत रेल्वे, काहीही. नाहीतर हा नियमही कागदावर छान दिसणारा आणि खालच्या माणसाच्या पट्टीतून कापला जाणारा होईल.

पण मी भाच्याला बोलावलं होतं ते यासाठी नाही. नाना म्हशीकडे गेल्यावर मी त्याला ती गोष्ट सांगितली. माझ्या बायकोला माहीत आहे, बाकी घरात कोणाला नाही. आज तुम्हा सगळ्यांना कळेल.

१९९६ साल. मी फिफ्थ इंजिनियर, म्हणजे इंजिन रूममधला सगळ्यात धाकटा साहेब. परदेशी झेंड्याचं जुनं जहाज, कंपनीचं नाव सांगत नाही. इंजिन रूमच्या तळाशी पाणी साठत राहतं. गळतीचं पाणी, तेल, वंगण, धुतलेलं सगळं एकत्र. त्याला बिल्ज म्हणतात. ते तसंच समुद्रात सोडता येत नाही. १९६७ साली इंग्लंडजवळ 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज फुटून समुद्रभर तेल झालं. त्यातून पुढे १९७३ साली मार्पोल नावाचा करार आला. त्याप्रमाणे बिल्जचं पाणी एका यंत्रातून गाळायचं, दहा लाखांत पंधरा भाग एवढंच तेल उरलं तर बाहेर सोडायचं, नाहीतर बंदरात पैसे मोजून गाडीत द्यायचं. आणि प्रत्येक वेळी ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये नोंद करायची.

आमचं यंत्र बिघडलेलं होतं. सुट्या भागांसाठी तारा जात होत्या, भाग येत नव्हते. बंदरात द्यायचं तर काही हजार डॉलरचं बिल, आणि ते बिल बघून कंपनी चीफला जाब विचारणार. टाकी गळ्यापर्यंत भरली. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून हिंदी महासागरात आलो. रात्री दोन वाजता, माझ्या वॉचला, सेकंड इंजिनियर खाली आला. त्याच्या हातात दोन्ही टोकांना फ्लँज असलेला एक रबरी होज होता. त्याने दाखवलं, इकडचा पाइप सोड, हा होज लाव, तिकडे जोड. यंत्राला वळसा घालून पाणी सरळ बाहेर. या होजला नंतर जगभर 'मॅजिक पाइप' नाव पडलं. आमच्या जहाजावर त्याला नाव नव्हतं, नुसतं 'ते' म्हणायचे.

मी काही विचारलं नाही. आठ बोल्ट होते, मी स्वतः आवळले. पंप चालू केला तोही मीच. दहा-बारा टन पाणी असेल. पहाटेच्या आत संपलं. मग होज काढला, पाइप परत जोडला आणि बोल्टांवर रंग मारला. बंदरातले तपासनीस बोल्टांचा रंग खरवडलेला आहे का ते बघतात, म्हणून. रंगाचा तो डबा माझ्या हातात सेकंडने फार मायेने दिला. म्हणाला, "नया है, सीख जाएगा." त्या जहाजावर असताना हे आणखी तीनदा झालं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मला नदी आठवली होती, असं लिहिलं तर छान दिसेल. पण खोटं आहे. मला पगार आठवत होता. दौंडला घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं.

पुढे चीफ झाल्यावर मी तो होज माझ्या कुठल्याही जहाजावर राहू दिला नाही. एकदा बंदरात पाणी द्यायच्या बिलावरून ऑफिसशी वाद झाला आणि मला पुढचं काँट्रॅक्ट मिळायला पाच महिने लागले. हे मी फुशारकीने सांगत नाही. चीफला पाच महिने घरी बसणं परवडतं. फिफ्थला परवडत नाही.

म्हणूनच मला 'कॅरिबियन प्रिन्सेस'ची हकीकत कधी विसरता येत नाही. प्रवासी जहाज, प्रिन्सेस क्रूझेस कंपनीचं. २०१३ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ असंच पाणी सोडलं गेलं. नव्यानेच लागलेल्या एका धाकट्या इंजिनियरने ते बघितलं. साउदॅम्प्टनला जहाज लागलं तेव्हा त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं आणि नोकरी सोडून उतरला. प्रकरण अमेरिकेपर्यंत गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. अमेरिकेचा कायदा तर असा आहे की अशी माहिती देणाऱ्याला दंडातला निम्म्यापर्यंत वाटा मिळू शकतो. आता उपग्रहही समुद्रावरचे तेलाचे पट्टे टिपतात. पण उपग्रहाला इंजिन रूममधले बोल्ट दिसत नाहीत. ते दिसतात तिथे उभ्या असलेल्या पोराला. जगातल्या दर दहा दर्यावर्दींमागे साधारण एक तरी आपला आहे, म्हणजे ते पोरगं दौंडचं, शिरूरचं, साताऱ्याचं असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्या पोराला बोलता यावं, बोलल्यावर त्याची पुढची नोकरी जाऊ नये, एवढी सोय कंपन्यांनी केली तरी चौदाव्या उद्दिष्टाचं बरंच काम होईल. मिथेनॉल येईल तेव्हा येईल.

भाचा सगळं ऐकत होता. मध्ये एकदाच बोलला. "मामा, रात्री पाण्याचा रंग दिसायचा का?"

"नाही. वास यायचा थोडा."

परतताना नानांनी दोघांना कांद्याची एकेक पिशवी दिली. पुलावर गाडी थांबवून आम्ही थोडा वेळ पाणी बघितलं. म्हणजे जलपर्णी बघितली. ही दक्षिण अमेरिकेतली, कोणीतरी फुलं छान म्हणून इकडे आणलेली. जहाजंही असले पाहुणे नेतात. रिकामं जहाज तोल सांभाळायला एका बंदरातलं पाणी पोटात भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात ओततं, त्यातून शिंपले, शेवाळ, काय काय जातं. त्यावरचा करार २००४ साली झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं. तेरा वर्षं! भाचा म्हणाला, हे मुलाखतीत सांगायचं राहिलं.

रात्री बहिणीचा फोन. "काय सांगितलंस रे त्याला? आल्यापासून गप्प आहे. नको जाऊ दे का त्याला?"

म्हटलं, जाऊ दे.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. निवड झाली होती. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "मामा, एक विचारू? त्या ऑइल रेकॉर्ड बुकवर सही कोणाची असते?"

"ज्याच्या ताब्यात काम त्या इंजिनियरची. आणि पानाखाली कॅप्टनची."

"म्हणजे फिफ्थची नसते?"

"आमच्याकडे नव्हती."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्यांनी सामानाची यादी पाठवलीय, त्यात बॉयलर सूट दोन लिहिलेत, शिरूरला मिळतील का पुण्यालाच जावं लागेल? म्हटलं, पुण्याला जाऊ, मी येतो. आणि एक माप मोठंच घे, धुतल्यावर आटतात.